दहा पोरांचा उपास

दरवर्षी स्पर्धेची बक्षिसं वाटायच्या वेळी इस्त्रीच्या कपड्यातला कोणीतरी माईक धरतो आणि सांगतो, सांघिक खेळानं पोरांचं चारित्र्य घडतं. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं टाळ्या वाजवतात. मी वाजवत नाही. मला त्याला एवढंच विचारायचं असतं, की बाबा रे, तुझं स्वतःचं पोरगं कुठल्या टीममध्ये खेळतं? ते असतं पुण्याला, क्लासला. घडायचं काम आमच्या पोरांनी करायचं.

खेळानं पोरगं घडतं, हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. घडतं. माझं घडलं. त्याचाच राग आहे.

माझं शिक्षण तिसरी. शिरूरच्या मार्केट यार्डात मी मापाडी होतो. हमालानं पोतं काट्यावर टाकायचं, मी दांडी बघायची आणि वजन पुकारायचं, हे माझं काम. माझ्या काट्यावर भरलेलं पोतं कोणी दुसरीकडं नेऊन पुन्हा तपासलं नाही. व्यापाऱ्यांनी गोड बोलून बघितलं, दम देऊन बघितलं. एक किलो इकडचं तिकडं केलं नाही. हे फुशारकीनं सांगत नाही असं लिहिणार होतो, पण फुशारकीनंच सांगतो. गरीब माणसाकडं एखादी तरी गोष्ट अशी असावी लागते.

मला एकच पोरगं. त्याच्या पाठीवर पोतं येऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. हमालांच्या पाठी मी रोज बघायचो. मानेखाली गाठ येते, चाळिशीत माणूस वाकतो, पन्नाशीत चहाच्या टपरीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. माझं पोरगं दहावीला दोनदा बसलं आणि दोन्ही वेळा गणितात गेलं. तेव्हा नव्वदच्या पुढची वर्षं चालू होती, रांजणगावला नुकते कारखाने उभे राहत होते. नापास पोराला तिथं कोण विचारतो? पण त्याच्याकडं एक गोष्ट होती. ते कबड्डी चांगलं खेळायचं. चढाईला गेलं की पायाखाली माती आहे की पाणी आहे, कळायचं नाही.

अशात एका कंपनीनं स्वतःची कबड्डीची टीम काढायचं ठरवलं. त्यांचा एक साहेब स्पर्धा बघत हिंडायचा आणि नजरेत भरलेलं पोरगं कामावर घ्यायचा. कामावर म्हणजे ठेकेदाराकडं नाही, कंपनीत, पर्मनंट. बातमी आली की साहेब दौंडच्या स्पर्धेला येणार. गट पंचावन्न किलोचा. म्हणजे ज्याचं वजन पंचावन्नच्या वर भरेल त्यानं बाहेर बसायचं. आमच्या टीममध्ये दहा पोरं होती, सात खेळणारी आणि तीन राखीव. माझं पोरगं कप्तान.

स्पर्धेला सहा दिवस राहिले तेव्हा, दुपारी लिलाव उरकल्यावर, मी पोरांना यार्डात बोलावलं आणि एकेकाला काट्यावर उभं केलं. नऊ पंचावन्नच्या आत बसली. दहावं साडेछप्पन भरलं.

हे दहावं उजव्या कोपऱ्याला खेळायचं. बुद्धविहारामागं राहायचं, बाप एसटी डेपोत मेकॅनिक. अंगानं थोराड, पण हात असा की समोरच्याचा घोटा एकदा धरला की सुटायचा नाही. बाकीची पोरं त्याच्या जिवावर धावायची. तो धरणार हे धरूनच चाललेलं असायचं. त्याला बसवला तर टीमची एक भिंतच पडली.

मग सुरू झालं पळवणं. भर उन्हात, अंगात दोन स्वेटर, नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत. दोन दिवसांनी पुन्हा काट्यावर घेतला. शंभर ग्रॅम कमी. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या काट्याचा संशय आला.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"कायबी न्हाई, आबा."

"मग व्हटाला काय लागलंय?"

तेवढ्यात डाव्या कोपऱ्याचं काडीपैलवान पोरगं बोललं, "आबा, ह्यो स्टँडच्या मागं भजी खात हुता. दोन प्लेटी. म्या डोळ्यानं बघितलं."

"आन् तू तिथं काय करत हुतास?"

"म्या पाव खात हुतो."

पोरं हसली. मी दोघांनाही शिव्या घातल्या. पण ते थोराड पोरगं हसलं नाही. काट्यावरून उतरलं आणि भिंतीकडं तोंड करून म्हणालं, "मला न्हाई जमत, आबा. घरी समदी जेवाय बसत्यात, टपरीवर ही पोरं खात्यात, आन् म्या एकटाच बघत बसतूय. दुसरा कोपरा बघा."

राखीव पोरगं होतं. मी तेच म्हणणार होतो. त्याआधी माझं पोरगं बोललं.

"मग कोणीच खायाचं न्हाई. ह्यो जेवढं खाईल तेवढंच समद्यांनी खायाचं."

मला वाटलं, पोरांची चेष्टा चालली आहे. संध्याकाळी घरी पिठलं-भाकरी होती. पोरगं ताटावर बसलंच नाही. मूठभर फुटाणे खाल्ले, लिंबूपाणी प्यालं आणि भिंतीला टेकून बसलं. त्याची आई म्हणाली, "अहो, ह्याला काय झालंय ते तरी बघा." मी बघितलं. काही झालं नव्हतं. डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, दहाच्या दहा उपाशी आहेत. ते काडीपैलवान पोरगंसुद्धा. त्याला गाठून मी विचारलं, "तुझं वजन अठ्ठेचाळीस. तुला खिशात धोंडे भरून काट्यावर उभं केलं तरी तू बसशील. तू कशाला मरतूस?"

ते म्हणालं, "कप्तान म्हनला ना, आबा."

कप्तान म्हनला! मी त्या कप्तानाचा बाप. त्याला आडोशाला नेलं आणि डझनभर केळी हातात दिली. म्हटलं, तुला चढाया करायच्या आहेत, साहेब तुला बघायला येतोय, इथं माझ्यासमोर खा. त्यानं केळी घेतली. मला बरं वाटलं. थोड्या वेळानं बघतो तर यार्डातल्या गाईपुढं केळी पडलेली आणि गाय सालीसकट खातेय.

मी त्याला मारलं. हे लिहायला पाहिजे, म्हणून लिहितो. दोन थोबाडीत दिल्या. त्यानं तोंड चुकवलं नाही. म्हणाला, "आबा, मारा. पर त्यो उपाशी असताना माझ्या घशाखाली उतरत न्हाई." मी म्हटलं, उतरव. घसा तुझा आहे, त्याच्या बापाचा नाही.

आमच्या भावकीतला एक जण ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "त्या आळीच्या पोरापायी आपली पोरं उपाशी ठिवतूस व्हय?" मी म्हटलं, "मी ठिवली न्हाईत, त्यांची ती राहिल्यात. आन् आळी कुठली ते काट्यावर कळत न्हाई. तू ऊठ." तो उठला. पण खरं सांगायचं तर तो बोलला तसलं थोडं माझ्याही मनात येऊन गेलं होतं. त्याला हाकललं ते त्यानं तोंडानं बोलून दाखवलं म्हणून.

शेवटच्या दिवशी काटा साडेपंचावन्नवर आला. अजून अर्धा किलो. पोरांचे गाल आत गेले होते. ते काडीपैलवान पोरगं एकटंच माझ्याकडं आलं. हळू आवाजात म्हणालं, "आबा, दौंडला वजन तिथल्या यार्डाचा मापाडी करनार हाय. तुमचा दोस्त हाय त्यो. एक शब्द टाका की. अर्धा किलो तर हाय."

दोस्त होता. आम्ही एकमेकांच्या घरच्या लग्नात जेवलेलो. मी शब्द टाकला असता तर त्यानं दांडीकडं न बघता पोराला आत सोडलं असतं. दहाही पोरं त्या संध्याकाळी जेवली असती.

मी म्हटलं, "माझ्या काट्यावर कांदा खोटा भरत न्हाई, तू माणूस खोटा भरायला सांगतूस? चल नीघ!"

पोरगं गेलं. माझं पोरगं दारातच उभं होतं, त्यानं सगळं ऐकलं. त्यानं मात्र मला शब्द टाकायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही दौंडला गेलो. रेल्वेच्या रुळांपलीकडचं मैदान. पाणी मारून, तुडवून माती छान बसवली होती. त्या थोराड पोरानं आदल्या दिवशी डोक्याचा गोटा केला होता, आणि एसटीत सगळा वेळ खिडकीतून थुंकत होतं, तेवढंच वजन कमी व्हावं म्हणून. मागच्या खिडकीतली बाई कंडक्टरला हाका मारत होती.

माझा दोस्त काट्यापाशी बसला होता. त्यानं मला रामराम केला, मी केला. बाकी एक शब्द बोललो नाही. पोरगं नुसत्या चड्डीवर काट्यावर चढलं. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा वर, आणि मधोमध थांबली. पंचावन्न. पोरांनी त्याला उचलला. मीसुद्धा ओरडलो, लपवत कशाला.

आणि मग खरा गाढवपणा झाला. तीन दिवस उपाशी राहिलेली पोरं, आयांनी बांधून दिलेली फडकी सुटली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी, कोणाची गूळपोळी. मी ओरडतोय, सावकाश खा, थोडं खा. कोण ऐकतो? तासाभरात मॅच.

पहिली मॅच आमच्याहून कच्च्या टीमशी होती म्हणून जिंकली. दुसरी रेल्वे कॉलनीच्या पोरांशी. साहेब खुर्चीवर पुढं बसलेला, हातात डायरी. माझं पोरगं पहिल्या चढाईला गेलं आणि मध्यरेषेवरच पोटरीला गोळा आला. लंगडत परत आलं. मग त्यांचा गडी आला. आमच्या थोराड पोरानं घोटा धरला, बरोबर धरला, बाकीचे वरून पडले. पण पडले ते रिकाम्या पोत्यासारखे. तो गडी चौघांना ओढत नेऊन रेषेला टेकला. दोनदा सगळी टीम बाद झाली. एक पोरगं मैदानाच्या कडेला ओकत होतं आणि रेल्वेची पोरं हसत होती. एक जण ओरडला, "शिरूरकर, जेवून आलाय का जेवायला आलाय?"

मॅच संपल्यावर साहेबानं बोट केलं. "कप्तान कोण?"

"मी, साहेब."

मी पळत जाऊन मागं उभा राहिलो.

"पाय हलके आहेत तुझे. पहिल्या मॅचला बघितलं मी. मग आता दम कुठं गेला?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, भज्यांपासून फुटाण्यांपर्यंत. साहेब आधी हसला. मग म्हणाला, "एका पोरासाठी दहा जण? अरे, त्याला बसवायचं, राखीव घ्यायचा, विषय संपला. कप्तानाला एवढं कळायला पाहिजे." आणि डायरी उघडली. "असू दे. लहान आहेस. सोमवारी कागदपत्रं घेऊन रांजणगावला ये. फक्त मला एक सांग. पुन्हा असं झालं तर त्या मुलाला बसवशील ना?"

काम झालं होतं. एक शब्द बोलायचा होता. खरा असो, खोटा असो, त्या साहेबाला कुठं पुन्हा तपासायला यायचं होतं?

माझ्या पोरानं मागं बघितलं. ते थोराड पोरगं नळाखाली डोकं धरून बसलं होतं.

"न्हाई, साहेब."

"नीट ऐकलंस ना? सोमवारी..."

"ऐकलं, साहेब. न्हाई बसवनार."

मी मागून त्याच्या दंडाला चिमटा काढला. "व्हय म्हन."

"मग हरशील तू," साहेब म्हणाला.

"हरू की."

साहेबानं पेनाचं टोपण लावलं. मला म्हणाला, "मामा, पोरगं हट्टी आहे तुमचं." आणि रेल्वेच्या पोरांकडं वळला. त्यांच्यातली दोन घेतली.

परतीच्या एसटीत ते थोराड पोरगं माझ्या सीटपाशी आलं. कोणीतरी त्याला सांगितलं असावं. "आबा, मला ठावं नव्हतं. मी जाऊन साहेबाला सांगू का? म्हनतो, मला काढा, पर त्याला घ्या." मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. त्याच्या बापाला, त्याच्या आळीला, सगळ्याला बोललो. जे मी भावकीतल्याच्या तोंडून ऐकून घेतलं नव्हतं ते माझ्याच तोंडून गेलं. पोरगं उभं राहून ऐकत होतं, दांडा धरून. मग माझं पोरगं उठलं, त्याला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि माझ्याजवळ येऊन उभं राहिलं.

"आबा, बास."

"बास? तू एक शब्द बोलला असतास तर तुझं आयुष्य झालं असतं."

"तुम्हीबी एक शब्द टाकला असता तर समदी जेवून आली असती," ते म्हणालं. "म्या तुम्हाला इच्यारलं का, का न्हाई टाकला म्हणून?"

मी त्याच्याशी तीन महिने बोललो नाही.

त्याच सोमवारी सकाळी मी काट्यापाशी गेलो तर हमालांच्या रांगेत माझं पोरगं उभं. खांद्यावर फडकं. टोळीच्या मुकादमानं माझ्याकडं बघितलं, घेऊ का म्हणून. मी दुसरीकडं बघितलं. कांद्याचं पोतं जवळजवळ त्याच्याच वजनाचं. पहिलं त्यानं उचललं, दोन पावलं वाकडी पडली, मग सरळ झालं आणि माझ्या काट्यावर आणून टाकलं. मी वजन पुकारलं. पुकारताना आवाज फाटला तर लोक बघतील, म्हणून नेहमीपेक्षा मोठ्यानं पुकारलं.

पुढं तो त्या टोळीचा मुकादम झाला. दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. टोळीत एक म्हातारा हमाल आहे, पाठ गेलेला. त्याच्याकडून पोती उचलून घेत नाहीत, नुसती तोंडं शिवून घेतात, आणि हिस्सा सगळ्यांइतका. अडत्यानं सांगितलं, म्हाताऱ्याला काढा, नाहीतर दुसरी टोळी लावतो. माझ्या पोरानं दोन दिवस टोळी बसवली, गाड्या उभ्या राहिल्या. अडत्या माझ्याकडं आला. "आबा, पोराला सांगा जरा."

"मी सांगून बघितलंय," मी म्हटलं. "दौंडला."

त्याला काही कळलं नाही. म्हातारा अजून टोळीत आहे. ते थोराड पोरगं एसटीत कंडक्टर झालं, पहिल्यापेक्षा जाड झालं. दोघं मिळून संध्याकाळी नदीकडच्या मैदानावर पोरांना शिकवतात. तो माझ्या घरी येतो, चहा पितो, मला आबा म्हणतो. त्या दिवशीचं एसटीतलं कधी काढत नाही. त्यानं एकदा काढावं आणि मला चार शिव्या घालाव्यात, असं मला फार वाटतं. घालत नाही. त्याचाही राग येतो.

मी काटा सोडायच्या वर्षी एक शेतकरी यार्डात आला. बरोबर बारा-तेरा वर्षांचं पोरगं, आठ दिवसांपासून मैदानावर येत होतं ते. म्हणाला, "आबा, ह्याला कबड्डीत ठिवावं का? तुम्हाला म्हाईत असंल. काय फायदा हाय का?"

मी म्हटलं, "पोरगं चांगलं निघंल. पर फायद्याचं इच्यारू नका. उद्या ते दुसऱ्यापायी उपाशी राहिलं तर त्याला मारायचं न्हाई. एवढं जमत असंल तर ठिवा."

"तुमचं पोरगं बी खेळायचं ना? आता कुठं असतंय?"

मी ट्रककडं हात केला. माझं पोरगं पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढत होतं. मानेखाली गाठ आली आहे आता, लांबून दिसते.

शेतकऱ्यानं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं. मग पोराचा दंड धरला आणि रामराम करून निघून गेला. ते पोरगं मान वळवून ट्रककडं बघत होतं.

पुन्हा ते मैदानावर आलं नाही. मी जे त्या दिवशी दौंडला केलं असतं, तेच त्या बापानं केलं. शहाणा माणूस. पण मला त्याचा इतका राग आला, की पुढच्या बाजाराला आलेली त्याची पोती मी दुसऱ्या मापाड्याकडं पाठवून दिली.